मुखवटा नंतर, सांधे आधी: जोडायच्या फिगर्स बांधाव्या कशा, पारखाव्या कशा

बायोनिकलची, म्हणजे लेगोच्या तुकडे जोडून करायच्या यंत्रवीरांच्या मालिकेतली, फिगर हातात आली की जो तो आधी मुखवट्याकडे बघतो. त्यात चूक काही नाही. २००१ साली डेन्मार्कच्या लेगोने टाहू, गाली, कोपाका, लेवा, पोहाटू आणि ओनुआ हे सहा टोआ, म्हणजे त्या मालिकेतले नायक, डब्यांतून बाजारात आणले, तेव्हा त्यांची सगळी ऐट त्या मुखवट्यांतच होती. पण मुखवटा चार दिवसांत डोळ्यांच्या सवयीचा होतो. पुढे ती फिगर तुमच्या हातात राहणार की कपाटावर धूळ खाणार, हे खांदा, खुबा, गुडघा आणि घोटा ठरवतात.

असं बघायची सवय मला धंद्याने लावली. मी फिजिओथेरपिस्ट. इंदूरला राजेंद्र नगरात राहते. आठवडाभर लोकांचे आखडलेले खांदे फिरवते आणि रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये जमणाऱ्या मंडळींच्या फिगर्सचे. मंडळी म्हणजे शाळकरी पोरांपासून बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांपर्यंत. निम्म्यांची भाषा मराठी, निम्म्यांची हिंदी, पोहे सगळ्यांचे. दर वेळी कुणीतरी एक फिगर बांधून आणतं, तिची परीक्षा, म्हणजे परीक्षण, वाचून दाखवतं आणि मग बाकीचे तिला वाकवून-वळवून उलटतपासणी घेतात. नव्याने येणाऱ्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

घ्यायच्या आधी

आमच्याकडे दोन कुळं येतात. एक लेगोचं: बायोनिकल, मग २०१० ते २०१४ ची हिरो फॅक्टरी, मग २०१५ मध्ये परत आलेली आणि २०१६ मध्ये पुन्हा बंद पडलेली बायोनिकल. ही कितीही वेळा मोडा, परत जोडा. दुसरं जपानच्या बंदाईचं गुंडाम, म्हणजे ॲनिमे मालिकेतल्या महाकाय यंत्रमानवांची छोट्या मापाची मॉडेलं. पहिलं किट १९८० सालचं. यात तुकडे प्लास्टिकच्या चौकटीत, म्हणजे रनरमध्ये अडकलेले येतात, ते कापून काढायचे आणि दाबून बसवायचे. हल्लीच्या किटांना गोंद लागत नाही, पण एकदा बांधलं की ते बहुधा बांधलेलंच राहतं. ज्याला रोज नवं काहीतरी करायचंय त्याने पहिलं घ्यावं, ज्याला एकच वस्तू जीव ओतून करायचीय त्याने दुसरं. गुंडामच्या पेटीवरची अक्षरं, म्हणजे किटची श्रेणी, तीही समजून घ्या. एचजी बहुतेक १/१४४ मापाचं आणि पहिल्या किटला उत्तम. एमजी १/१०० मापाचं, आत सांगाडा असलेलं. आरजी १/१४४ मापाचंच, पण इतक्या बारीक तुकड्यांचं की नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पीजी १/६० मापाचं. ते कुणी घेतलं तर आम्ही बघायला जातो.

किमतीचं रडगाणं सगळेच गातात. कारण साधं आहे. २०२० च्या फेब्रुवारीत आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. म्हणून इथली कोणतीही परीक्षा लिहिताना तुम्ही प्रत्यक्ष मोजलेली किंमत आणि महिना लिहा. परदेशातल्या किमतीवरून 'स्वस्त आणि मस्त' म्हणणाऱ्याचा आपल्याला उपयोग नाही.

जुनी बायोनिकल आता वापरलेलीच मिळते. कुणाच्या मुलाने कॉलेजला जाताना टाकून दिलेली पिशवी, कधी राणीपुऱ्यातल्या एखाद्या दुकानाच्या तळाशी राहिलेला डबा. अशी घेताना दोन गोष्टी बघायच्या. तुकड्यांवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं. पिशवीतले पाच-सहा तुकडे उलटून नाव दिसलं नाही तर नक्कल आहे असं धरा. दुसरं म्हणजे सांध्यांच्या वाट्या, ज्यात गोळा बसतो त्या. २००८ च्या आसपासच्या फिगर्समध्ये या वाट्या तडकण्याची खोड आहे, आणि पोपटी रंगाच्या तर कुप्रसिद्ध आहेत. तडा केसाएवढा असतो, समोरून दिसत नाही. मोबाइलचा टॉर्च वाटीच्या मागे धरा, आडवी उजेडाची रेघ दिसली की समजा. तडकलेल्या वाटीचा पाय उभा राहतो, पण वाकवला की तसाच लोंबतो.

जुने सांधे लगेच ओढून सोडवू नका. हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात, साबणाचे दोन थेंब टाकून, थोडा वेळ ठेवा. ४० अंशांच्या वर पाणी नको. मळ सुटतो, प्लास्टिक जरा नरमतं, मग गोळा सरळ बाहेर काढा, पिरगाळू नका. वाळवताना पंख्याखाली पसरा. गच्चीवर उन्हात टाकलेलं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन तर विचारूच नका.

बांधताना

जमिनीवर जुनी चादर अंथरा आणि तिच्यावर काठाची स्टीलची ताटं घेऊन बसा. चादर यासाठी की घरंगळलेली पिन सोफ्याखाली जाण्याआधी अडकते. तुकडे रंगाने वेगळे करण्यापेक्षा कामाने करा: ॲक्सल, म्हणजे दांडे, एका ताटात, पिना एका, गोळे-वाट्या एका, बाहेरचं कवच शेवटच्या. लेगोच्या पिनांत काळ्या आणि करड्या यांत फरक आहे. काळ्या पिनेवर बारीक कंगोरे असतात, ती घट्ट बसते आणि फिरवल्यावर अडून राहते. फिकट करडी गुळगुळीत, ती मोकळी फिरते. सूचनापुस्तिकेत करडी दाखवली असेल तर तिथे काहीतरी हलायचं आहे. तिथे काळी घातलीत तर यंत्र चालेल, पण कुरकुरत.

२००१ च्या टोआला यंत्रच होतं. बहुतेकांच्या पाठीतलं दातेरी चाक फिरवलं की हात शस्त्रासकट खाली येतो. अनंत चतुर्दशीला हुकुमचंद, मालवा, राजकुमार या इथल्या कापड मिलच्या झांक्या, म्हणजे हलते देखावे, बघत वाढलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल: मोटरवर गदा वर-खाली करणारा राक्षस तो हाच. मात्र या यंत्रापायी सांध्यांचा बळी गेला. त्या पहिल्या टोआंना गुडघे नाहीत. उभे राहतात झकास, बसू शकत नाहीत. पुढच्या वर्षांत कंपनीने यंत्र हळूहळू कमी केलं आणि सांधे वाढवले. २०११ मध्ये हिरो फॅक्टरीत सरळ हाडांसारख्या पट्ट्या आणि त्यांवर टकाटक बसणारं कवच अशी नवी पद्धत आली. मला ही पद्धत आवडते, कारण वाट्या दणकट आहेत आणि लहान पोरालाही तासाभरात फिगर उभी करता येते. आमचे बँकवाले काका तिला 'हाडं आणि साल' म्हणून नाक मुरडतात. त्यांचंही खरं आहे, मागून बघितलं तर पोकळ दिसते.

गुंडामसाठी निपर, म्हणजे प्लास्टिक कापायची छोटी पक्कड, चांगलं घ्या, बाकी हत्यारांत काटकसर चालेल. कापायचं दोनदा. पहिला काप तुकड्यापासून लांब, रनरच्या बाजूला. तुकडा सुटला की दुसरा काप जवळ, निपरची सपाट बाजू तुकड्याकडे ठेवून, आणि तरीही नखभर कण शिल्लक ठेवायचा. तो कण हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या पॉलिश पेपरने काढायचा: आधी ४००, मग ८००, मग १०००. एकाच फटक्यात खोल कापलं तर रंगीत प्लास्टिकवर पांढरा डाग उमटतो, तो अंगठ्याच्या नखाने घासून थोडाफार जातो, पूर्ण नाही. सांध्यात घालायचे मऊ करडे तुकडे, पॉलिकॅप, दोन अर्धे भाग बंद करण्याआधी आत गेले आहेत ना ते बघा. नंतर उघडायला गेलं की आतल्या पिनाच तुटतात.

रनरच्या कोपऱ्यावर एक छोटी पट्टी असते, तिच्यावर प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो: पीएस, एबीएस, पीई. रंगकाम किंवा खाचांत रंगाच्या रेघा भरण्याचं काम संपेपर्यंत ती फेकू नका. एनॅमल थिनर एबीएसच्या ताणलेल्या भागात शिरला तर तुकडा चिरतो, कधी दुसऱ्या दिवशी. आणि नेमके सांधेच बऱ्याचदा एबीएसचे असतात.

सांध्यांची तपासणी

माझ्या पर्समध्ये बोटांचे सांधे मोजायचा छोटा गोनिओमीटर असतो, म्हणजे दोन पट्ट्या असलेला कोनमापक. तुमच्याकडे नसेल तर कंपासपेटीतला कोनमापक चालतो. माणसाचं कोपर साधारण १४५ ते १५० अंश वाकतं, गुडघा १३५ ते १४०, हात बाजूने १८० पर्यंत वर जातो. फिगरचे आकडे याच्या शेजारी लिहा. 'आर्टिक्युलेशन छान आहे' या वाक्यातून काही कळत नाही. 'कोपर ९० वर अडतं, कारण दंडाचं कवच पुढच्या हाताला लागतं' यातून घेणाऱ्याला सगळं कळतं, आणि कवच काढून पुढे जाता येईल हेही सुचतं.

शाळेत उखळीचा सांधा आणि बिजागरीचा सांधा शिकलो, तेच इथे आहे. उखळीचा सांधा सगळीकडे फिरतो, पण त्याला धरून ठेवणारं फक्त वाटीचं घर्षण. बिजागरी एकाच दिशेने वाकते, पण भार पेलते. गुंडामच्या चांगल्या किटमध्ये कोपराला एकाखाली एक दोन बिजागऱ्या असतात, म्हणून मूठ खांद्याला लागते. एकाच बिजागरीत दंड आणि पुढचा हात यांच्या कडा आधी भिडतात. दोन असल्या की मध्ये जागा मिळते. फिगर लवचिक आहे एवढंच लिहून थांबू नका. लवचिकपणा कुठून आला ते लिहा.

आता ताकद. भिंतीला आलेख कागद चिकटवा, फिगर त्याच्यासमोर उभी करा आणि पेटीत आलेलं सगळ्यात जड शस्त्र हातात देऊन हात खांद्यातून सरळ आडवा करा. मनगट जिथे येतं तिथे पेन्सिलने बारीक खूण. झोपायला जा. सकाळी त्याच जागेवरून बघा. खूण आणि मनगट यांत दोन-तीन चौकटी फरक पडला तर ठीक. हात मांडीला टेकला असेल तर खांदा कमजोर, मग मुखवटा कितीही देखणा असो. शस्त्र जड आहे म्हणूनच नव्हे, लांब आहे म्हणूनही हात पडतो. तेवढंच वजन मुठीजवळ आणून परत करून बघा, फरक लगेच दिसेल. माझ्या पेशंटना मी पिशवी अंगाजवळ धरायला सांगते ते याचसाठी.

सैल सांधा घट्ट करायचा असेल तर गोळा वाटीतून बाहेर काढून त्यावर फेविक्विकचा अगदी पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, बोटाला चिकटत नाही याची खात्री झाल्यावरच परत बसवा. ओला असताना बसवलात तर तो सांधा संपला. पारदर्शक तुकड्यांजवळ हे करू नका, वाफेने पांढरट धुकं चढतं. आणि आधी मालकाला विचारा. काहींना मूळ तुकड्याला काही लावणं म्हणजे पाप वाटतं, त्यांच्याशी वाद घालण्यात रविवार घालवू नये.

तोल बघायला दोऱ्याला एक नट बांधा आणि फिगरच्या बाजूने, खुब्याच्या पातळीपासून खाली सोडा. माणूस ताठ उभा असतो तेव्हा ही रेषा घोट्याच्या किंचित पुढून जाते. फिगरमध्ये ती टाचेच्या मागे गेली असेल तर पाठीवरचे पंख किंवा शस्त्रं तिला आज ना उद्या पाडणार, बहुधा तुम्ही कपाटाचं दार लावाल तेव्हा.

दुसऱ्याच्या कामावर बोलताना

पेटीतल्या फिगरवर कितीही टीका करा, कंपनी रडत नाही. स्वतःच्या डोक्यातून, सुटे तुकडे जोडून केलेल्या कामावर, ज्याला जगभरचे शौकीन मॉक म्हणतात, त्यावर बोलणं वेगळं. विचारल्याशिवाय उचलायचं नाही. उचललं तर कमरेला धरून, हाताला किंवा मुंडक्याला नाही. आणि पहिला प्रश्न 'हे काय आहे?' असा विचारू नका. 'याने काय करावं असं तुझ्या मनात होतं?' असं विचारा.

मागे बारावीतल्या एका मुलाने लांब हातांचा, शेपटीवाला एक प्राणी आणला. टेबलावर ठेवला की मागे कलंडायचा. सगळ्यांनी एकदम सल्ले सुरू केले: पावलं मोठी कर, शेपूट काढ, पाठीवरच्या दोन कुऱ्हाडी काढ. तो गप्प. मी दोरा सोडून बघितला. रेषा टाचेच्या बरीच मागे. शेपटीचा गोळा एक भोक खाली घेतला असता तर शेपूट जमिनीला टेकून तिसरा पाय झाली असती, प्रश्न मिटला असता. मी तसं सुचवलं. तो म्हणाला, "नाही ताई, शेपूट हवेतच पाहिजे, तो उडी मारायच्या बेतात आहे." मग उडीचा बेत धरूनच विचार केला. खुब्यातून धड पुढे झुकवलं, गुडघे आणखी वाकवले, एक कुऱ्हाड पाठीवरून काढून हातात दिली. दोरा घोट्याच्या पुढे आला. प्राणी उभा राहिला, आणि आधीपेक्षा जास्त उडी मारणारा दिसायला लागला. पावलं मोठी केली असती तर तोल मिळाला असता आणि प्राणी गेला असता.

रंगांवर बोलताना जरा सबुरी. इथे सुटे तुकडे मिळवणं सोपं नाही. एका गुडघ्यात निळी पिन दिसतेय ती पोराला दिसत नाही असं नाही, त्याच्याकडे काळी नाही. तुमच्या डब्यात असेल तर देऊन टाका.

परीक्षा लिहिताना

बांधल्या दिवशी लिहू नका. नव्या प्लास्टिकचा वास नाकात असेपर्यंत सगळंच छान वाटतं. निदान दोन आठवडे ती टेबलावर, हाताशी ठेवा, फोनवर बोलताना चाळा करा. कोणता सांधा आपोआप पहिला हाताला सैल लागतो ते कळेल.

लिहिताना क्रम असा ठेवला तर ऐकणाऱ्याला बरं पडतं: कुणासाठी आहे आणि किती पैशांत, बांधायला कुठे मजा आली आणि कुठे कंटाळा, मग सांधे आकड्यांसकट, मग तोल, मग रूप. रूप शेवटी ठेवलं म्हणून ते बिनमहत्त्वाचं होत नाही. तिथे मोकळेपणाने लिहा, तिथेच तुमची आवड-निवड दिसते. कोपाकाचा पांढरा रंग मला थंड वाटतो की हॉस्पिटलसारखा, हे मी लिहिलंच पाहिजे, फक्त खांद्याच्या आकड्यात मिसळून नको. तुकडे दुसऱ्या कामाला किती उपयोगी पडतील हेही दोन ओळींत सांगा; लेगोवाल्यांसाठी निम्मी किंमत त्यातच वसूल होते. फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. एक सरळ उभा, एक पाठीमागून आणि एक जास्तीत जास्त वाकवलेला. पाठीमागचा फोटो लोक टाळतात, पोकळ भाग तिथेच असतात.

दहापैकी गुण देऊ नका. आमच्याकडे गुण देणं बंद केलं, कारण सगळ्यांना आठ मिळायला लागले. त्याऐवजी एकच गोष्ट विचारतो: मोडून परत बांधाल का? गुंडामवाल्यांना विचारतो, याच मापाचं दुसरं घ्याल का? 'हो, पण' म्हणून जे पुढे येतं ती खरी परीक्षा.

कुणी फुकट दिलेली किंवा दुकानदाराने दाखवायला दिलेली फिगर असेल तर पहिल्याच ओळीत सांगा. शहरातल्या एका दुकानातून मला नक्कल 'ओरिजनल' म्हणून विकली गेली होती. ती फिगर आम्ही शिकवायला वापरतो: अस्सल आणि नकली वाट्या डोळे मिटून बोटांनी ओळखायच्या. नकली वाटीत गोळा एक तर फिरतच नाही, किंवा फिरता फिरता मध्येच निसटतो. पोरं आता झटक्यात ओळखतात.

वहीत लिहिलेल्या परीक्षेखाली निम्मं पान कोरं सोडा. पहिला उन्हाळा गेला की आलेख कागदाची चाचणी पुन्हा करा आणि तारीख घालून खाली नोंद करा. फिगर उसनी नेणाऱ्यानेही त्याच पानावर लिहायचं, आणि परत आणताना सूचनापुस्तिका आणायला विसरायचं नाही.